इटलीने न पाहिलेला गास्तोने मोस्किन

'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला दॉन फानुच्ची आठवतो का? पांढरा सूट, पांढरी टोपी, भरदार अंग. १९१७च्या सुमारास न्यू यॉर्कच्या 'लिटल इटली' वस्तीतून तो असा चालतो की रस्ता त्याच्या वडिलांचाच असावा. स्थलांतरित दुकानदारांकडून हप्ता घेतो. हप्त्याला तो हप्ता म्हणत नाही. आपल्याला फक्त चोच बुडवायची आहे, असं म्हणतो. सिसिलीत खंडणीला असाच लाडिक शब्द आहे. शेवटी सणाच्या दिवशी, रस्त्यावर मिरवणूक आणि फटाके चालू असताना, तरुण व्हितो कोर्लेओने त्याला त्याच्याच घराच्या जिन्यात गोळ्या घालतो. पडद्यावर तो मोजकीच मिनिटं आहे, पण सिनेमा पाहिलेला माणूस त्याला विसरत नाही.

हा नट म्हणजे गास्तोने मोस्किन. इटलीबाहेर बहुतेकांची त्याच्याशी ओळख इथेच सुरू होते आणि इथेच संपते. माझीही ओळख फानुच्चीपासूनच झाली. पुढे मोस्किनचे एकेक सिनेमे शोधून पाहत गेलो, तेव्हा एक गोष्ट मनात रुतून बसली. या माणसाने फॅसिस्ट राजवटीच्या हस्तकाची भूमिका दोनदा केली. एकदा १९७०मध्ये आणि एकदा १९८१मध्ये. पहिल्या सिनेमाला इटलीने डोक्यावर घेतलं, पुरस्कार दिले, अभ्यासक्रमात जागा दिली. दुसरा सिनेमा इटलीच्या जनतेला तब्बल २८ वर्षं बघू दिला गेला नाही. नट एक, काळ एक, पक्ष एक, हुकूमशहा एक. फरक मरणाऱ्यांचा होता. पहिल्या सिनेमात मारले जाणारे इटालियन होते, दुसऱ्यात लिबियन मुसलमान.

मोस्किनची कारकीर्द या प्रश्नाच्या अंगाने वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

मोस्किन मूळचा उत्तरेकडचा. ८ जून १९२९ रोजी व्हेरोनाजवळच्या सान जोव्हान्नी लुपातोतो या गावी त्याचा जन्म झाला. म्हणजे त्याच्या बालपणाची सगळी वर्षं मुसोलिनीच्या राजवटीत गेली. युद्धानंतर त्याने रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत शिक्षण घेतलं. पुढे जेनोआ आणि मिलान इथल्या नावाजलेल्या नाट्यसंस्थांत काम केलं. ही बाब लक्षात ठेवायला हवी. गुंड, दरोडेखोर, पोलीस, शिपाई यांच्या भूमिका करणारा हा माणूस रस्त्यावरून उचलून आणलेला पहिलवान नव्हता. तो रंगभूमीवर घडलेला, शब्दांवर हुकूमत असलेला नट होता. आपल्याकडे निळू फुले पडद्यावर आले की बायाबापड्या बोटं मोडत. पण पडद्याबाहेरचे निळूभाऊ राष्ट्र सेवा दलातले, समाजवादी विचारांचे. खलनायकाचं काम करणाऱ्या नटाविषयी आपण घाईने मत बनवतो. मोस्किनकडे बघताना हे भान ठेवलं तर बरं.

पन्नाशीच्या दशकात तो सिनेमात आला. पुढच्या वीस वर्षांत इटलीत सिनेमा बनवण्याची जी पद्धत रुजली, ती थोडी समजून घेऊ. तिथे 'फिलोने' असा शब्द होता. फिलोने म्हणजे खाणीत लागलेली शीर. एखादा सिनेमा चालला की त्याच जातीचे पन्नास सिनेमे काढायचे. शीर आटली की दुसरीकडे खणायचं. आधी पौराणिक पहिलवानपट आले. मग सर्जिओ लेओनेच्या यशानंतर शेकडो वेस्टर्न निघाले. मग रहस्यपट आणि सत्तरीत पोलीसपट. दिग्दर्शक तेच, स्टुडिओ तेच, घोड्यावरून पडणारे लोकही तेच. आवाज नंतर स्टुडिओत भरायचे, त्यामुळे कलाकार कुठल्या देशाचा आहे आणि कुठली भाषा बोलतो याने फारसं अडत नसे. अमेरिकन वाटावं म्हणून नावंही बदलत. खुद्द लेओनेने 'फिस्टफुल ऑफ डॉलर्स'साठी बॉब रॉबर्टसन हे नाव लावलं होतं. आपल्याला या दुनियेची नवलाई वाटायचं कारण नाही. 'शोले'चं रामगढ याच वेस्टर्नांच्या धुळीतून उभं राहिलं आहे.

या कारखान्यात मोस्किन सगळ्या खात्यांत काम करून आला. १९६५च्या 'सेत्ते उओमिनी दोरो' या दरोडापटात तो टोळीतला एक होता. १९६९मध्ये सर्जिओ कोर्बुच्चीच्या 'ली स्पेचालिस्ती' या वेस्टर्नमध्ये तो शेरीफ झाला. गावात येणाऱ्या प्रत्येकाची शस्त्रं काढून घेणारा, जरा भाबडा शेरीफ. त्याआधी १९६६मध्ये पिएत्रो जेर्मीच्या 'सिन्योरे ए सिन्योरी'मध्ये त्याने बँकेतला एक कारकून रंगवला होता. बायकोच्या कटकटीने पिचलेला हा माणूस कॅफेतल्या रोकडीवर बसणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. लपूनछपून व्यभिचार करणारं सगळं प्रतिष्ठित गाव मग त्याच्याविरुद्ध एक होतं. चोरून केलं असतं तर कुणी काही बोललं नसतं, याने मात्र उघड प्रेम केलं! कान महोत्सवात त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक या सिनेमाला विभागून मिळालं. दणकट अंगाचा हा गडी त्यात लहान मुलासारखा रडवेला होतो. मोस्किनची खरी ताकद इथे दिसते. त्याचं शरीर दंडेलीचं होतं आणि डोळे घाबरट. कुठल्या सिनेमात काय वापरायचं हे त्याला नेमकं कळत होतं.

१९७२ साल त्याच्यासाठी गमतीचं ठरलं. त्या वर्षी त्याने दॉन कामिल्लो हा इटलीचा लाडका पाद्री साकारला. फर्नांदेल हा फ्रेंच नट ही भूमिका करत असे, त्याच्या निधनानंतर ती मोस्किनकडे आली. त्याच्यासमोर कम्युनिस्ट महापौर पेप्पोने म्हणून उभा होता लायोनेल स्टँडर. हा अमेरिकन नट डाव्या विचारांमुळे हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेला होता आणि पुढे युरोपात पोट भरत होता. त्याच वर्षी हेच दोघे आणखी एका सिनेमात समोरासमोर आले. तिथे स्टँडर होता मिलानच्या तस्करांचा सरदार आणि मोस्किन त्याच्या टोळीतला, नुकताच तुरुंगातून सुटलेला माणूस. सिनेमाचं नाव 'मिलानो कॅलिब्रो ९', दिग्दर्शक फर्नांदो दी लेओ.

मोस्किनचा एकच सिनेमा पाहायचा असेल तर हा पाहा, असं मी सुचवीन. कथा जॉर्जो शेरबानेंकोच्या गुन्हेगारी कथांवरून घेतलेली आहे. शेरबानेंको कीव्हमध्ये जन्मलेला आणि मिलानमध्ये लेखक झालेला माणूस. सिनेमात उगो पियात्सा सान व्हित्तोरे तुरुंगातून बाहेर येतो. टोळीला संशय आहे की, अटक होण्याआधी त्यांचे तीन लाख डॉलर यानेच लंपास केले. उगो म्हणतो, माझ्याकडे नाहीत. टोळीचा रोक्को (मारिओ आदोर्फ) त्याला गाठून बदडतो, त्याची खोली उद्ध्वस्त करतो. पोलीस म्हणतात, पैसे दे आणि सुट. मैत्रीण विचारते, जुना दोस्त विचारतो. उगोचा चेहरा हलत नाही. दगडात कोरलेला तो चेहरा दीड तास एकच उत्तर देत राहतो.

आणि शेवटी कळतं की पैसे त्यानेच घेतले होते.

सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना मोस्किनने काय केलंय ते उमगतं. त्याला टोळीपासून लपवायचं होतं, पोलिसांपासून लपवायचं होतं आणि प्रेक्षकांपासूनही. काहीच न करण्याचा अभिनय सोपा नसतो. शेवटी उगो मारला जातो आणि आयुष्यभर त्याचा छळ केलेला रोक्कोच मारेकऱ्याचं डोकं आपटत ओरडतो की, उगो पियात्सासारख्या माणसापुढे टोपी काढायची असते.

या सिनेमाला त्या काळाचं मिलान आहे. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियात्सा फोंतानातल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं मेली. पोलिसांनी अराजकवाद्यांना उचललं. जुझेप्पे पिनेल्ली नावाचा एक रेल्वे कामगार चौकशीदरम्यान पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मेला. बॉम्बशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पुढे हा कट अतिउजव्या गटांचा होता हे समोर आलं. स्फोट झाल्या झाल्या कुणाला उचलायचं हे आधीच ठरलेलं असणं आणि वर्षानुवर्षांनी भलतीच माणसं दोषी निघणं, ही गोष्ट मालेगाव आणि मक्का मशीद ही नावं माहीत असलेल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 'मिलानो कॅलिब्रो ९'मध्ये दोन पोलीस अधिकारी कचेरीत बसून याच अंगाने वाद घालतात. एक म्हणतो, गुन्हेगार ठेचा. दुसरा म्हणतो, दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या गरिबांना काय ठेचता? पैसा देशाबाहेर नेणाऱ्या धनिकांना हात लावा. हा दुसरा अधिकारी लुइजी पिस्तिल्लीने केला आहे. तोही लेओनेच्या सिनेमांतून आलेला कसलेला चरित्र अभिनेता. मारधाडीच्या स्वस्त सिनेमात असं बोलणं चालू होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणजे इटलीचा सिनेमा भित्रा नव्हता. स्वतःच्या पोलिसांवर, माफियावर, चर्चवर, भांडवलदारांवर तो तुटून पडत होता. मुसोलिनीवरही. आणि इथेच मोस्किनचा पहिला फॅसिस्ट येतो.

बेर्नार्दो बेर्तोलुच्चीचा 'इल कॉन्फॉर्मिस्ता' १९७०चा. आल्बेर्तो मोराव्हियाच्या कादंबरीवरून केलेला. त्यातला नायक क्लेरिची चारचौघांसारखं दिसण्याच्या हव्यासापायी फॅसिस्ट गुप्तहेर बनतो. पॅरिसला पळून गेलेल्या आपल्याच जुन्या प्राध्यापकाच्या खुनात त्याला सामील व्हायचं आहे. त्याच्यावर नजर ठेवायला आणि त्याची गाडी हाकायला एक माणूस दिलेला आहे, मान्गानिएल्लो. नावातच खूण आहे. 'मान्गानेल्लो' म्हणजे मुसोलिनीचे काळे डगलेवाले विरोधकांना फोडून काढायला वापरत तो सोटा.

मोस्किनने हा सोटा हसतमुख केला आहे. तो बडबड्या आहे, साहेबांशी अदबीने वागतो, कामात चोख आहे. विचारसरणी वगैरे त्याला ठाऊक नाही. हुकूम आला की पाळायचा. बर्फाळ जंगलात प्राध्यापकाला भोसकून मारतात. त्याची बायको गाडीच्या काचेवर हात आपटत मदत मागते आणि क्लेरिची आत गोठून बसतो. त्या वेळी मान्गानिएल्लोला चीड येते ती क्लेरिचीच्या भित्रेपणाची, खुनाची नव्हे. भित्रे, समलिंगी आणि ज्यू, सगळ्यांना भिंतीपाशी उभं करायला हवं, असं तो सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलून जातो. फॅसिझम कसा चालतो हे समजायला मला या एका भूमिकेने पुष्कळ मदत केली. भाषण करणारा नेता वर असतो. खाली असे लाखभर कामसू मान्गानिएल्लो लागतात.

इटलीत या सिनेमाचा गौरव झाला. दाविद दी दोनातेल्लो हा तिथला मोठा पुरस्कार त्याला मिळाला. बाहेर तर तो जागतिक सिनेमाचा मानदंड ठरला.

आता दुसरा फॅसिस्ट.

'लायन ऑफ द डेझर्ट' हे नाव आपल्या वाचकांना नवं नसावं. मुस्तफा अक्काद हा मूळचा हलबचा, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचा दिग्दर्शक. त्याचा 'द मेसेज' आमच्या पिढीतल्या कितीतरी मुस्लिम घरांत व्हिडिओ कॅसेटवर पाहिला गेला. एरवी सिनेमा हराम म्हणणारे बुजुर्गही तो लावला की बैठक मारून बसत. त्या सिनेमात हजरत हमजांच्या भूमिकेत अँथनी क्विन होता. पुढच्या सिनेमात अक्कादने त्याच क्विनला ओमर मुख्तार केलं. खर्च झाला सुमारे साडेतीन कोटी डॉलर आणि पैसा होता गद्दाफीच्या लिबियाचा. मुसोलिनीच्या भूमिकेत रॉड स्टायगर, जनरल ग्रात्सिआनीच्या भूमिकेत ऑलिव्हर रीड. इटलीच्या बाजूचे सगळेच परदेशी नट नव्हते. त्यातल्या त्यात सभ्य अशा कर्नल दिओदिएचेचं काम राफ व्हाल्लोनेने केलं आणि मेजर तोमेल्लीचं काम गास्तोने मोस्किनने. तोमेल्लीची भूमिका फार मोठी नाही. पण 'इल कॉन्फॉर्मिस्ता' पाहिलेल्या माणसाला हा गृहस्थ ओळखीचा वाटतो. मान्गानिएल्लोला गणवेश चढवून समुद्रापलीकडे धाडलं तर तो असाच वागला असता.

सिनेमातली कथा थोडक्यात इतिहासातूनच सांगतो, कारण सिनेमावर बंदी का आली ते त्याशिवाय कळणार नाही.

इटलीने लिबियावर हल्ला केला १९११मध्ये, उस्मानी सल्तनतीकडून तो प्रदेश हिसकावण्यासाठी. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गाव्होत्ती या वैमानिकाने त्रिपोलीजवळ विमानातून हातबॉम्ब टाकले. विमानातून बॉम्ब टाकण्याची जगातली ही पहिली घटना. भारतातल्या मुसलमानांत या युद्धाने खळबळ माजली होती. मौलाना आझादांचं 'अल-हिलाल' १९१२मध्ये सुरू झालं, त्याची पानं त्रिपोलीच्या बातम्यांनी भरलेली असत. जखमींना पाणी पाजताना मारल्या गेलेल्या फातिमा बिन्त अब्दुल्लाह या मुलीवर इक्बालांनी नज्म लिहिली. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पिढीला लिबिया माहीत होता. विसरलो ते आपण.

पूर्व लिबियात, सिरेनाइकात, सनुसी तरिकेच्या लोकांनी लढा चालू ठेवला. त्यांचा म्होरक्या ओमर मुख्तार हा मुलांना कुरआन शिकवणारा मुअल्लिम. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर युद्धाला वेगळंच रूप आलं. १९३०मध्ये रोदोल्फो ग्रात्सिआनीकडे सिरेनाइकाची सूत्रं आली. बंडखोरांना भाकर देणारी वस्तीच उठवायची, हा त्याचा उपाय. जबल अखदर म्हणजे हिरव्या डोंगरातल्या सुमारे १ लाख लोकांना जनावरांसह वाळवंटातल्या काटेरी कुंपणाच्या छावण्यांत कोंबलं गेलं. भूक, रोगराई आणि फाशी यांनी त्यातले ४० हजारांहून अधिक मेले, असं इतिहासकारांचं अनुमान आहे. कळपच्या कळप संपले. इजिप्तच्या सरहद्दीवर सुमारे २७० किलोमीटर लांब तारेचं कुंपण घातलं गेलं. ११ सप्टेंबर १९३१ रोजी सत्तरी ओलांडलेला ओमर मुख्तार पकडला गेला. १५ तारखेला बेनगाझीत खटल्याचा देखावा झाला. १६ तारखेला सोलूकच्या छावणीत, तिथल्याच सुमारे २० हजार कैद्यांना उभं करून, त्यांच्या डोळ्यांदेखत त्याला फाशी दिली. सिनेमात फासाखाली पडलेला त्याचा चष्मा एक लहान मुलगा उचलून घेतो. छावण्यांतला मृत्यूचा आकडा मात्र कुठल्याही सिनेमात मावणारा नाही.

ग्रात्सिआनीचं पुढे काय झालं? युद्धानंतर त्याच्यावर खटला चालला तो नाझींना साथ दिल्याबद्दल. १९५०मध्ये १९ वर्षांची शिक्षा झाली आणि काही महिन्यांत तो बाहेरही आला. पुढे नवफॅसिस्ट पक्षाने त्याला मानद अध्यक्ष केलं. लिबिया आणि इथिओपियातल्या कत्तलींसाठी त्याला कुठल्याही न्यायालयात उभं राहावं लागलं नाही. २०१२मध्ये रोमजवळच्या आफीले गावात सरकारी पैशातून त्याचं स्मारक उभारलं गेलं.

'लायन ऑफ द डेझर्ट' इटलीत दाखवायला मनाई झाली ती १९८२मध्ये. कारण काय दिलं? सिनेमा इटलीच्या सैन्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणतो. ज्या सैन्याची गोष्ट होती ते मुसोलिनीचं. आणि प्रतिष्ठेची काळजी होती मुसोलिनीविरोधी लढ्यातून जन्मलेल्या प्रजासत्ताकाला. १९८७मध्ये त्रेंतो इथे काही शांततावादी कार्यकर्त्यांनी सिनेमा दाखवायचा घाट घातला, तर पोलिसांनी तो थांबवला.

यावर कुणी म्हणेल, गद्दाफीच्या पैशातून काढलेला प्रचारपट होता तो. पैसा गद्दाफीचा होता हे खरं आणि स्वतःच्या देशात फासावर माणसं लटकवणाऱ्याने ओमर मुख्तारचं नाव मिरवावं यात ढोंग होतं, हेही खरं. पण सिनेमातल्या छावण्या गद्दाफीने रचलेल्या नव्हत्या. आंजेलो देल बोका हा इटलीचाच इतिहासकार तेच त्या वर्षांत कागदपत्रांनिशी लिहीत होता आणि त्यालाही देशद्रोही ठरवणारे कमी नव्हते. इथिओपियात विषारी वायू वापरल्याची कबुली इटलीच्या संरक्षण खात्याने दिली ती १९९६मध्ये. साठ वर्षांनी! तिथे सैनिक म्हणून गेलेला नामांकित पत्रकार इंद्रो मोंतानेल्ली तोवर वायूची गोष्ट खोटी असल्याचं ठासून सांगत आला होता. बीबीसीने इटलीच्या युद्धगुन्ह्यांवर १९८९मध्ये काढलेला माहितीपट तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने विकत घेतला आणि कपाटात ठेवून दिला.

या सगळ्यामागे एक समजूत आहे. इटालियन माणूस मुळात भला. जर्मन क्रूर, इंग्रज कावेबाज, आपले शिपाई मात्र बिचारे गाणी म्हणणारे, पोरांना चॉकलेट वाटणारे. 'इतालियानी ब्राव्हा जेन्ते', म्हणजे इटालियन भली माणसं, हा तिथला वाक्प्रचारच आहे. देल बोकाने २००५मध्ये याच शब्दांपुढे प्रश्नचिन्ह लावून पुस्तक लिहिलं.

सिनेमाने ही समजूत कशी जपली तेही पाहण्यासारखं आहे. मुसोलिनीच्या काळात लिबिया पडद्यावर होता. १९३६चा 'लो स्क्वाद्रोने ब्यांको' हा वाळवंटातल्या इटालियन उंटदळाच्या शौर्याचा सिनेमा लिबियात चित्रित झाला आणि व्हेनिसला त्याला मुसोलिनीच्याच नावाचा चषक मिळाला. युद्धानंतर लिबिया पडद्यावरून जवळपास गायबच झाला. वसाहतवादाविरुद्धचा राग आटला होता असं नाही. जिल्लो पोंतेकोर्व्होने १९६६मध्ये 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' काढला. मुसलमानांच्या मुक्तिलढ्यावर इतका प्रामाणिक सिनेमा युरोपात क्वचितच निघाला असेल. व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. फ्रान्सने तो काही वर्षं दाबून ठेवला तेव्हा इटलीत फ्रान्सला नावं ठेवली गेली. त्याच सिनेमाचा लेखक फ्रांको सोलिनास याने त्याच वर्षी 'किएन साबे?' या वेस्टर्नच्या लेखनात हात घातला. त्यात मेक्सिकोची क्रांती आहे आणि तिचा घात करणारा गोरा अमेरिकन. पोंतेकोर्व्होच्या 'केमादा'त पोर्तुगीजांची वसाहत. अल्जीरिया फ्रान्सचा, मेक्सिको अमेरिकेचा, बेट पोर्तुगालचं. स्वतःच्या घरचा हिशोब तेवढा कुणी मांडला नाही. पोंतेकोर्व्हो किंवा सोलिनास यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. त्यांचं काम मोठं आहे. पण तो हिशोब शेवटी हलबच्या एका मुसलमानाला, लिबियाच्या पैशाने, इंग्रजी भाषेत मांडावा लागला, हे काही मला डावलता येत नाही.

अपवाद आहेत. जुलिआनो मोंताल्दोने १९८९मध्ये 'तेंपो दी उच्चीदेरे' काढला, त्यात इटालियन अधिकारी इथिओपियात एका स्त्रीला मारतो. पण त्या कथेतही प्रेक्षकाला दुःख होतं ते अधिकाऱ्याचं.

मोस्किनकडे परत येतो. इटलीच्या घराघरांत त्याचं नाव झालं ते 'आमीची मिएई'मुळे, १९७५. हा सिनेमा जेर्मी काढणार होता, त्याच्या मृत्यूनंतर मारिओ मोनिचेल्लीने पुरा केला. फ्लॉरेन्समधले पाच प्रौढ मित्र वय विसरून लोकांच्या खोड्या काढत हिंडतात. स्टेशनात गाडी हलली की खिडकीतून डोकावणाऱ्या प्रवाशांना फलाटावरून धावत थपडा मारतात. तो प्रसंग इटलीत पोराटोरांना पाठ आहे. मोस्किन त्यातला नगरपालिकेतला वास्तुरचनाकार मेलान्द्री, दर वेळी नव्याने प्रेमात पडणारा. १९८२ आणि १९८५मध्ये दोन पुढचे भागही आले. तारखा जुळवून पाहा. ज्या वर्षी मेलान्द्रीचा दुसरा भाग लोक खदखदून हसत पाहत होते, त्याच वर्षी मेजर तोमेल्लीला प्रवेशबंदी झाली. प्रेक्षकाला मोस्किन मिळाला तो खोडकर, प्रेमळ, भला माणूस म्हणून. आणि मोनिचेल्लीने २००६मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, 'ले रोझे देल देझेर्तो' हा आपला शेवटचा कथापट केला तो चक्क लिबियावरच. त्यात १९४०मधली इटालियन सैन्याची एक वैद्यकीय तुकडी आहे. गोंधळलेली, घरच्या आठवणींनी व्याकूळ झालेली भली माणसं. सिनेमा युद्धविरोधी आहे, त्याची थट्टा बोचरी आहे. पण सोलूकच्या छावण्या तेव्हा अवघ्या दहा वर्षांपूर्वीच्या होत्या आणि त्यांचं ओझं या सिनेमावर दिसत नाही.

२००८च्या ऑगस्टमध्ये बेनगाझीत इटली आणि लिबियाचा करार झाला. बेर्लुस्कोनीने वसाहतकाळाबद्दल माफी मागितली आणि ५ अब्ज डॉलरची भरपाई कबूल केली. बदल्यात तेल, वायू आणि आफ्रिकेतून येणाऱ्या स्थलांतरितांना लिबियातच अडवण्याची हमी. पुढच्या जूनमध्ये गद्दाफी रोमच्या विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्या गणवेशावर साखळदंडातल्या ओमर मुख्तारचा फोटो टाचलेला होता. सोबत मुख्तारचा वृद्ध मुलगा होता. त्याच दौऱ्यात, ११ जून २००९ रोजी, स्काय या खासगी वाहिनीने 'लायन ऑफ द डेझर्ट' इटलीत दाखवला. अक्काद तोवर हयात नव्हता. २००५च्या नोव्हेंबरमध्ये अम्मानच्या हॉटेलात अल-कायदाने घडवलेल्या स्फोटात तो आणि त्याची मुलगी मारली गेली. 'द मेसेज' बनवणारा माणूस इस्लामचं नाव घेणाऱ्यांच्याच हातून मेला. क्विन, स्टायगर, रीड, व्हाल्लोने, सगळे गेलेले होते. मोस्किनला तीनच दिवसांपूर्वी ८० वर्षं पूर्ण झाली होती.

४ सप्टेंबर २०१७ रोजी तेर्नी इथे तो वारला. इटलीच्या वर्तमानपत्रांनी 'आमीची मिएई'मधला शेवटचा मित्र गेला असे मथळे दिले. आत उगो पियात्साचा उल्लेख होता, दॉन फानुच्चीचाही. एव्हाना चांगले शब्द कमावलेल्या या नटाची आठवण पोलीसपटांच्या चाहत्यांनी आपापल्या परीने काढली. माझ्या वाचनात आलेल्या मृत्युलेखांत मेजर तोमेल्ली कुठे दिसला नाही.